मातीलगतच्या हवेचे अभ्यासक

पेरणीचे दिवस जवळ आले, की शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. परंतु पीक वाढते ते जमिनीपासून हात-दोन हात उंचीवरच्या हवेत. ह्या हवेच्या अभ्यासात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास होत. भारतातील कृषिहवामानशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

रामदास ह्यांचा जन्म १९०० साली केरळातील पालघाट येथे झाला. पदार्थविज्ञानाच्या उच्च अभ्यासासाठी ते कलकत्त्यास गेले. तेथे त्यांना चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांच्यासारखे गुरू लाभले. द्रवाच्या पृष्ठभागावरून प्रकाश कसा विखुरतो, ह्याचे संशोधन करून त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. सूक्ष्म निरीक्षणाची जी सवय त्यांना येथे लागली, ती पुढे जन्मभर उपयोगी पडली.

१९२६ साली रामदास हवामान खात्यात दाखल झाले. शेतीसाठी हवामानाचा खास अभ्यास व्हावा, अशी शिफारस शेतीविषयक शाही आयोगाने केली होती. तिला अनुसरून १९३२ साली पुण्यास ह्या विषयाची स्वतंत्र शाखा निघाली व तिची धुरा रामदास ह्यांच्याकडे आली. प्रयोगशाळेत प्रकाशाचा अभ्यास करणारा हा शास्त्रज्ञ आता शेतात तापमापक लावू लागला. काळी जमीन उन्हाने किती तापते, तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला तर ती किती थंड राहते, असे प्रश्न त्याने हाती घेतले.

त्याच वर्षी रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन ह्यांनी एक नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. निरभ्र व निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते व थंड होते. म्हणून सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटूनच असणार, असे सारे मानीत. परंतु ह्या दोघांच्या मोजमापांत सर्वांत थंड हवा जमिनीवर न आढळता, तिच्यापासून वीतभर ते हातभर उंचीवर आढळली!

अनेकांचा ह्यावर विश्वास बसेना. उपकरणांत किंवा मोजण्याच्या पद्धतीत दोष असावा, असे त्यांना वाटले. अखेर राश्के ह्या जर्मन शास्त्रज्ञाने अत्यंत काळजीपूर्वक निरीक्षणे केली. ती १९५७ साली प्रसिद्ध झाली आणि मूळचा शोध खरा ठरला. हवेचा हा थर आज ‘रामदास थर’ ह्या नावाने ओळखला जातो. १९९३ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी त्याची गणिती उपपत्ती मांडली व त्यानंतरही त्यावर संशोधन होत राहिले.

हे ज्ञान शेतकऱ्याच्या दारी पोहोचणेही आवश्यक होते. १९४५ साली हवामान खात्याने शेतकऱ्यांसाठी खास हवामानवार्ता सुरू केली. उत्तरायुष्यात रामदास ह्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, तलावातील पाण्याची वाफ होऊन होणारी नासाडी कशी रोखावी, ह्याचे संशोधन केले.

१९७९ साली त्यांचे निधन झाले. सर्वमान्य समजुतीशी न जुळणारे मोजमाप त्यांनी खोटे म्हणून टाकून दिले नाही, म्हणूनच विज्ञानाला एक नवे सत्य गवसले. खऱ्या अभ्यासकाचे लक्षण ते हेच.