कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी (जन्म : नाशिक, १५ नोव्हेंबर १८६६, मृत्यू : लंडन, ६ जुलै १९५४) या भारतातील पहिल्या महिला वकिलांपैकी एक व इंग्रजी लेखिका होत्या. ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

कुटुंब व शिक्षण

वडील रेव्हरंड सोराबजी खरशेदजी यांनी पारशी धर्म सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूलची स्थापना केली. कॉर्नेलिया यांचे बालपण बेळगाव व पुणे येथे गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुणानुक्रमे मिळू शकणारी इंग्लंडमधील उच्च शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती मात्र स्त्री असल्याने त्यांना नाकारण्यात आली. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केल्यावर, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासह इंग्लंडमधील हितचिंतकांनी उभारलेल्या निधीतून १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये विशेष परवानगीने त्यांनी बी.सी.एल. परीक्षा दिली; पदवी मिळण्यास १९२२ साल उजाडले.

वकिली व पडदानशीन स्त्रियांसाठी कार्य

भारतात परतल्यावर त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. व १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही स्त्रियांना सनद देण्याची तरतूद नसल्याने त्यांना नियमित वकिली करता आली नाही.

याच काळात गोषातील, विशेषतः विधवा जमीनदार स्त्रियांच्या अडचणी त्यांच्या ध्यानात आल्या. परपुरुषासमोर येण्यास मनाई असल्याने या स्त्रिया वकिलाशी बोलू शकत नसत व त्यांची मालमत्ता नातलग आणि कारभारी यांच्या हाती जाई. यासाठी सरकारने महिला कायदा सल्लागार नेमावा, असा आग्रह त्यांनी धरला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे त्यांनी बंगाल, बिहार, ओरिसा व आसाममध्ये सुमारे ६०० स्त्रिया व अनाथ मुलांना मदत केली. वारसाहक्काच्या तंट्यांबरोबरच मुलांचे शिक्षण व आरोग्य हेही त्यांच्या कामात येत असे. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२१ मध्ये त्यांची वकील म्हणून नोंदणी केली. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांच्या वकिलीवरील बंदी उठली व त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. तेव्हा त्यांचे वय ५७ च्या आसपास होते.

लेखन

अंतःपुरातील अनुभव हा त्यांच्या लेखनाचा मुख्य विषय होय. 'लव्ह अँड लाइफ बिहाइंड द परदा' (१९०१) हा कथासंग्रह आहे. 'बिट्वीन द ट्वायलाइट्स' (१९०८) व 'द परदानशीन' (१९१७) या पुस्तकांत त्यांनी गोषातील स्त्रियांचे जीवन व प्रश्न मांडले. 'देअरफोर' (१९२४) हे आईवडिलांचे चरित्र असून 'इंडिया कॉलिंग' (१९३४) हे आत्मचरित्र आहे.

राजकीय भूमिका

त्या ब्रिटिश राजवटीच्या समर्थक होत्या. गांधीजींच्या असहकार व कायदेभंगाला त्यांनी विरोध केला. गोषातील स्त्रियांवर सुधारणा घाईने लादू नयेत, प्रथम त्यांना शिक्षण द्यावे, असे त्यांचे मत होते. कॅथरिन मेयो यांच्या 'मदर इंडिया' (१९२७) या वादग्रस्त पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली. त्यामुळे महिला संघटना दुरावल्या आणि माता-बालकांच्या आरोग्यसेवेची त्यांची योजना पाठिंब्याअभावी मागे पडली. १९२९ मध्ये वकिलीतून निवृत्त होऊन त्या लंडनला स्थायिक झाल्या. स्वातंत्र्यलढ्याशी असलेल्या या विरोधामुळे त्यांचे कायदेविषयक कार्यही दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

स्मृती

२०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत त्यांचा अर्धपुतळा उभारण्यात आला.