महाडचा दुसरा डिसेंबर-धडा

उमेळ्यात जयंती जवळ आली की पोरे भाषणे घोटू लागतात आणि आमच्याकडे येऊन विचारतात, साहेब, टाळ्या कशा घ्यायच्या? कोर्टात टाळ्या पडत नाहीत, त्यामुळे आमचा अनुभव येथे कुचकामी. आम्ही त्यांना महाड सांगतो. पण मार्च १९२७ चे नव्हे, त्याच वर्षीच्या डिसेंबरचे.

मार्चचे महाड आपल्या लेकरांना पाठ आहे. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. मग आपली माणसे देवळात शिरणार अशी अफवा उठवून सवर्णांनी त्यांची डोकी फोडली. पुढे नगरपालिकेनेही तळे खुले करण्याचा आपला ठराव फिरवला. म्हणजे २५ डिसेंबरला दुसऱ्या परिषदेला लोक आले ते नऊ महिन्यांचा अपमान उरात घेऊन. सवर्ण जागा देईनात, म्हणून मंडप एका मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर पडला. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. जवळजवळ चार हजार लोकांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदविली.

पण तळे खाजगी आहे असा दावा करून विरोधकांनी १४ डिसेंबरलाच दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. कलेक्टरांनी परिषदेत येऊन समजावले, तरी लोक तळ्यावर जायचेच म्हणत होते. पेटलेल्या अशा समुदायापुढे थांबा म्हणायला किती छाती लागते, हे एकदा तरी मोर्चा काढलेल्यालाच कळेल!

बाबासाहेबांनी आधी लोकांना बोलू दिले. बाजूची, विरुद्धची, दोन्ही मते मंडपात उघड मांडली गेली. त्यांच्या धैर्याविषयी शंका न घेता त्यांनी २७ तारखेला तहकुबीचा प्रस्ताव मांडला. आपला झगडा सवर्णांशी आहे. हुकूम मोडून सरकारलाही शत्रू केले तर दोन आघाड्यांवर लढावे लागेल, हे त्यांनी पटवून दिले. ठराव मंजूर झाला. मग सारा समुदाय मिरवणुकीने गावातून, तळ्याभोवतून फिरला. संतापाला त्यांनी कोंडले नाही, वाट दिली. याला माघार म्हणणारे शहाणे आजही भेटतात. त्यांनी १७ मार्च १९३७ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल वाचावा. तळ्यावरचा आपला हक्क तेथे कायम झाला.

त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशीही बोलले. तेथे हुकूम नाही, कायदा नाही. लुगडे कसे नेसावे, अंगावर जडजूड दागिने कशाला, मुलींना शाळेत घाला, असे घरातला वडीलधारा माणूस बोलेल तसे. आयाबहिणींनी लगोलग नेसण्याची पद्धत बदलली. आमच्या मते ही त्यांच्या वक्तृत्वाची सर्वात अवघड कसोटी होती, कारण पुरुषाने बाईच्या कपड्यांविषयी बोलणे सहज बोचू शकले असते.

घटना समितीतला श्रोता अगदी उलट. १७ डिसेंबर १९४६ ला, यादीत बरीच नावे पुढे असताना, राजेंद्रप्रसादांनी त्यांनाच आधी पुकारले. नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव चर्चेत होता आणि सभागृह काँग्रेसने भरलेले. ज्याने आयुष्यभर काँग्रेसवर आसूड ओढले, तो आता काय बोलणार, म्हणून कान टवकारलेले. बाबासाहेबांनी सुरुवातीलाच देश एक होणार, यावर विश्वास व्यक्त केला. ऐकणाऱ्याच्या मनातली भीती अशी काढून मग त्यांनी ठरावातल्या उणिवा दाखविल्या, आणि मुस्लिम लीग येईपर्यंत थांबावे या जयकरांच्या सूचनेला पाठिंबा दिला. विरोधकांनीच टाळ्या वाजविल्या. ठराव लांबला; तो २२ जानेवारी १९४७ ला संमत झाला.

नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ ला समोर होती ती आदल्या दिवशी दीक्षा घेतलेली गोरगरीब माणसे. प्रकृती ढासळलेली असतानाही बाबासाहेब प्रदीर्घ बोलले, मेलेली ढोरे ओढणे का सोडायचे ते चुलीपाशी बसल्यासारखे समजावीत. त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत, तोच ६ डिसेंबर उजाडला.