वॉल्टर कॉफमन

वॉल्टर कॉफमन (१ एप्रिल, १९०७:कार्ल्सबाड, बोहेमिया - ९ सप्टेंबर, १९८४:ब्लूमिंग्टन, इंडियाना, अमेरिका) हे ज्यू वंशाचे संगीतकार, वाद्यवृंद संचालक आणि संगीतशास्त्रज्ञ होते. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून ते १९३४ मध्ये मुंबईत आले आणि १९४६ पर्यंत भारतात राहिले. मुंबईत पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या नियमित मैफली सुरू करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आकाशवाणीच्या संकेतधुनेचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते.

== प्रारंभिक जीवन ==
कॉफमन यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील कार्ल्सबाड (आजचे चेक प्रजासत्ताकातील कार्लोव्ही व्हारी) येथे झाला. बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचनेचे, तर कुर्ट साक्स यांच्याकडे संगीतशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी गुस्ताव्ह मालर यांच्या संगीतावर प्रबंध लिहिला. मात्र आपले मार्गदर्शक नाझी विचारांचे असल्याचे समजल्यावर त्यांनी डॉक्टरेट स्वीकारण्यास नकार दिला, असे सांगितले जाते. त्यांच्या पहिल्या पत्नी गेर्टी या लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची होत्या.

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हा ते संगीत त्यांना अनाकलनीय वाटले. इतक्या लोकांना प्रिय असलेले संगीत आपल्याला भिडत नसेल, तर उणीव आपल्या ऐकण्यात असली पाहिजे आणि ती त्या देशात जाऊनच दूर होईल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हिटलर सत्तेवर आल्यानंतर देश सोडताना त्यांनी भारताची निवड केली, त्यामागे हेही एक कारण होते.

== मुंबईतील मैफली ==
मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटीची स्थापना केली. संस्थेच्या मैफली दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात होत. कॉफमन पियानो, मेहली मेहता व्हायोलिन आणि एडिजिओ व्हेर्गा चेलो वाजवीत. प्रारंभी श्रोते मोजकेच असत. तरीही मे १९३७ पर्यंत संस्थेने १३६ मैफली सादर केल्या होत्या.

त्या काळी मुंबईतील बहुतेक रसिकांना पाश्चात्त्य वाद्यवृंदसंगीत ग्रामोफोनवरच ऐकायला मिळे. तबकडीच्या एका बाजूवर साधारण चार मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे रिचर्ड स्ट्राउस यांचे 'आल्सो श्प्राख झराथुस्त्रा' यासारखे अर्ध्या तासाचे स्वरकाव्य ऐकताना तबकडी अनेकदा उलटावी किंवा बदलावी लागे आणि रचनेचा सलग प्रवाह तुटत असे. अशी रचना प्रत्यक्ष सादर करण्यासाठी शंभराच्या आसपास वादक लागतात. हॉर्न, ओबो, बसून अशा वाद्यांचे प्रशिक्षित वादक मुंबईत फारच थोडे होते. तिघाचौघांत वाजवता येणारे चेंबर संगीत मात्र उपलब्ध वादकांच्या बळावर अखंड आणि समोरासमोर ऐकवता येत होते. १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यात पारशी हौशी वादकांबरोबर गोव्याच्या व्यावसायिक वादकांचाही भरणा होता.

== आकाशवाणी ==
कॉफमन १९३७ ते १९४६ या काळात ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिनची आलापी असलेली आकाशवाणीची संकेतधून १९३६च्या सुमारास तयार झाली. ती शिवरंजनी रागावर आधारित असल्याचे मानले जाते. धुनेतील व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजवल्याचे सांगितले जाते. दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठीही कॉफमन यांनी काम केले.

याच काळात त्यांनी भारतीय राग आणि लोकसंगीताचा अभ्यास केला. मध्य भारतातील गोंड व बैगा जमातींच्या गीतांवरील त्यांचा लेख १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. ते मुंबईत असताना काफ्का यांच्या तिन्ही बहिणी, त्यांत गेर्टी यांच्या आई एली, नाझींच्या हत्याकांडात मारल्या गेल्या.

== कॅनडा आणि अमेरिका ==
१९४६ मध्ये कॉफमन इंग्लंडला आणि तेथून कॅनडातील हॅलिफॅक्सला गेले. भारतातील रेल्वेप्रवासाची आठवण जागवणारी त्यांची 'मद्रास एक्सप्रेस' ही वाद्यवृंदरचना १९४८ मध्ये बोस्टन पॉप्स ऑर्केस्ट्राने सादर केली. त्याच वर्षी ते नव्याने स्थापन झालेल्या विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे पहिले संगीत संचालक झाले. मुंबईत जे संख्याबळाअभावी साधले नव्हते, ते पूर्ण वाद्यवृंदाचे काम येथे त्यांना सुमारे दहा वर्षे करता आले. पियानोवादक फ्रीडा ट्रेपेल या त्यांच्या दुसऱ्या पत्नी होत.

१९५७ पासून त्यांनी ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राचे अध्यापन केले. उत्तर हिंदुस्तानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये, तर कर्नाटक संगीतातील रागांवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रकाशित झाला.

== वारसा ==
कॉफमन यांच्या बहुतेक रचना त्यांच्या हयातीनंतर मैफलींतून दिसेनाशा झाल्या. २०२० मध्ये टोरोंटोच्या एआरसी एन्सेंबलने त्यांच्या चेंबर रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक रचना मुंबईच्या वास्तव्यात लिहिलेल्या आहेत. आकाशवाणीची संकेतधून मात्र भारतातील अनेक पिढ्यांनी रोज पहाटे ऐकली. त्या श्रोत्यांपैकी बहुसंख्यांना तिच्या रचनाकाराचे नाव ठाऊक नव्हते.