उमाजी नाईक : न मागितलेली माफी

(द्वितीय वर्ष, कला)

माझे गाव आंबवडे. रोज सकाळी मी एस.टी.ने भोरला येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गावात नागेश्वराचे जुने देऊळ आहे, झुलता पूल आहे आणि थोर माणसांच्या समाध्या आहेत. कान्होजी जेधे, जिवा महाला आणि शंकराजी नारायण सचिव ही तिघेही आमच्या गावच्या मातीत विसावलेली आहेत. या समाध्यांभोवती खेळतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे शूर माणूस गेला की लोक त्याची समाधी बांधतात, तिथे दिवा लावतात, अशीच माझी लहानपणापासूनची समजूत होती.

अकरावीत असताना इतिहासाच्या सरांनी वर्गात सहज सांगितले, की आपल्याच तालुक्यातल्या उत्रौलीत इंग्रजांनी एका माणसाला पकडले, पुण्यात फाशी दिले आणि लोकांना दहशत बसावी म्हणून त्याचे प्रेत तीन दिवस पिंपळाच्या झाडाला टांगून ठेवले. तो माणूस म्हणजे आद्य क्रांतिकारक उमाजी नाईक. त्या दिवसापासून या माणसाविषयी मिळेल ते वाचत गेलो. आज जगात अनेक राष्ट्रे आपल्या जुन्या अपराधांबद्दल माफी मागत आहेत, काही मागायचे टाळत आहेत. या वादाकडे मी उमाजी नाईकांच्या चरित्रातून पाहतो. वाचक मित्रांनीही क्षणभर तसे पाहावे, एवढ्यासाठी हा लेख.

उमाजींचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ रोजी पुरंदर तालुक्यातील भिवडी या गावी झाला. वडिलांचे नाव दादोजी, आईचे लक्ष्मीबाई, घराण्याचे आडनाव खोमणे. जात रामोशी. रामोशी म्हणजे गडाचे आणि गावाचे राखणदार. पुरंदर किल्ल्याची राखण वंशपरंपरेने या लोकांकडे होती. रात्री सारा गाव निजला की जागा असायचा तो रामोशी. गावात चोरी झाली तर माग काढण्याची, नाहीतर नुकसान भरून देण्याची जबाबदारी त्याचीच. एवढा विश्वास ज्यांच्यावर टाकला होता, त्यांनाच पुढे चोर ठरवण्यात आले. इतिहासाचा हा उलटा न्याय समजून घेतल्याशिवाय उमाजी कळत नाहीत.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत पुरंदरच्या रामोश्यांकडून गडाची राखण काढून घेण्यात आली. वतने गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, कंपनीचे राज्य आले आणि उरलेसुरले हक्कही गेले. हातात शस्त्र चालवण्याची कला, पोटात भूक आणि मनात अपमान, अशा स्थितीत अनेकांनी डोंगराची वाट धरली. उमाजी त्यांपैकी एक. त्यांना कैद झाली. तुरुंगात बहुतेक माणसे खचतात; उमाजी तिथे लिहायला-वाचायला शिकले. माझे वडील अजून अंगठा उठवतात, म्हणून असेल कदाचित, पण त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट मला लढायांपेक्षा मोठी वाटते.

सुटून आल्यावर त्यांनी माणसे जमवली. सावकार, वतनदार आणि कंपनीचे खजिने हे त्यांचे लक्ष्य होते. जेजुरी, सासवड, पुरंदर, भोर या डोंगराळ मुलखात त्यांचा दबदबा निर्माण झाला. फौजा मागावर असत आणि उमाजी डोंगरात दिसेनासे होत. त्यांना पकडण्यासाठी बक्षिसे लावली गेली, ती वाढवावी लागली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. उमाजींच्या टोळीने लूट केली, खंडण्या घेतल्या, माणसेही मारली. ज्यांची घरे लुटली गेली त्यांनाही दुःख होतेच. थोर माणसाचे चरित्र लिहिताना त्याची पाटी धुऊन पुसून घेऊ नये, असे मला वाटते.

अखेर कंपनी सरकारने वेगळा मार्ग काढला. त्यांनी १८२८ च्या सुमारास उमाजींना माफी दिली, पगार आणि जमीन देऊन आपल्या चाकरीत घेतले आणि मुलखाच्या बंदोबस्ताचे काम सांगितले. उमाजींनी ते स्वीकारले. ज्यांना डाकू म्हटले त्यांच्याच हाती पुन्हा राखण दिली, म्हणजे रामोश्यांचे काय हिरावून घेतले होते हे सरकारला पक्के ठाऊक होते! पण विश्वास दोन्ही बाजूंना नव्हता. दोन-तीन वर्षांतच बिनसले आणि उमाजी पुन्हा डोंगरात गेले.

या वेळी मात्र ते केवळ आपल्या हक्कासाठी गेले नाहीत. १६ फेब्रुवारी १८३१ रोजी त्यांनी एक जाहीरनामा काढला. इंग्रजांच्या नोकऱ्या सोडा, त्यांना सारा देऊ नका, राजे, सरदार, वतनदार आणि रयत सर्वांनी एकदम उठा, असा त्याचा आशय. १८५७ च्या उठावाला अजून सव्वीस वर्षे होती. एका राखणदाराच्या मुलाने साऱ्या देशाची राखण करण्याचा विचार मांडला, हे आपण विसरतो.

सरकारने आता १०,००० रुपये आणि ४०० बिघे जमीन असे बक्षीस जाहीर केले. एवढ्या रकमेपुढे जवळची माणसे फिरली. १५ डिसेंबर १८३१ रोजी उत्रौलीत उमाजी बेसावध असताना फितुरीने पकडले गेले. कॅप्टन मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने कैदेतील उमाजींशी बोलून माहिती जमवली आणि १८३३ मध्ये रामोशी लोकांवर इंग्रजीत पुस्तक छापले. म्हणजे उमाजींचे चरित्रदेखील प्रथम त्यांना पकडणाऱ्यांनीच लिहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्याच्या खडकमाळ आळीतील मामलेदार कचेरीत त्यांना फाशी देण्यात आली. वय अवघे चाळीस.

उमाजींचे चरित्र येथे संपते, पण त्यांची शिक्षा संपली नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही जोराने राबवला गेला आणि रामोश्यांवरही त्याचा शिक्का बसला. ठरावीक जातीत जन्मले की मूल गुन्हेगार! माणसांनी पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. काही जमातींना तर सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवले.

मला येथे माझ्या गावची आठवण येते. शंकराजी नारायणांनी ताराबाईंना निष्ठेची शपथ दिली होती. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीवर हक्क सांगू लागले. दिलेला शब्द मोडवेना आणि छत्रपतींच्या वारसाविरुद्ध उभेही राहवेना, म्हणून शंकराजींनी आंबवड्यात आपला देह संपवला. शाहू महाराजांनी त्यांच्यावरचा राग त्यांच्या तान्ह्या मुलावर काढला नाही. सचिवपद त्या मुलाकडे, नारो शंकरांकडे, कायम ठेवले. एका राज्याने बापाचे वैर पोटी धरले नाही आणि दुसऱ्या राज्याने न जन्मलेल्या मुलाच्या कपाळीही गुन्हा लिहून ठेवला. राज्य कोणते मोठे, हे ज्याने त्याने ठरवावे.

माफी म्हणजे नुसते शब्द, त्यांनी काय होते, असे काही जण म्हणतात. आंबवड्याच्या माणसाला हे पटणार नाही. आमच्या गावात एक माणूस शब्दासाठी मेला आहे. दुसरा आक्षेप असा, की अपराध करणारे मेले, आजच्यांनी का माफी मागावी? विली ब्रांट हे हिटलरचे विरोधक. त्या काळात त्यांना देश सोडून पळावे लागले होते. तरी १९७० मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर म्हणून ते वॉर्साच्या ज्यू स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. अपराध त्यांचा नव्हता, पण ज्या खुर्चीवर ते बसले होते ती खुर्ची जुनीच होती. १३ फेब्रुवारी २००८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी, तेथील आदिवासींची मुले सरकारने आईबापांपासून तोडली त्याबद्दल, संसदेत माफी मागितली. इंग्लंडने २०१३ मध्ये केनियातील माऊ माऊ लढ्याच्या काळात छळ झालेल्या पाच हजारांहून अधिक लोकांना भरपाई दिली आणि खेद व्यक्त केला. तेही एकेकाळी डाकूच ठरवले गेले होते. मात्र जालियनवाला बागेबद्दल २०१९ मध्ये, शंभर वर्षांनीसुद्धा, इंग्लंडने खेदच व्यक्त केला. माफीचा शब्द उच्चारला नाही.

मग उमाजींच्या लोकांची माफी कोणी मागायची? लंडनने मागावीच. पण बोट तिकडे दाखवून आपली सुटका होईल काय? स्वतंत्र भारताने तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. चांगले झाले. परंतु झाले ते चूक होते, असे या लोकांना उभे करून कोणी सांगितले नाही. उलट १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर पुन्हा त्याच वस्त्यांवर राहिली. तुरुंगात जातीवरून कामे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते २०२४ मध्ये! उमाजींची जयंती आता साजरी होते, त्यांच्या नावाने आर्थिक विकास महामंडळही २०२३ मध्ये जाहीर झाले. पुतळ्याला हार घालणे सोपे असते, कारण पुतळा प्रश्न विचारीत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, नाहीतर हा सगळा उपदेश होईल. मी सहावीत असताना वर्गातून सहलीचे पैसे नाहीसे झाले. आमच्या वर्गात रामोश्याचा एक मुलगा होता. कोणी नाव घेतले नाही, पण सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मी मॉनिटर. गुरुजींनी सांगितले आणि मी त्याचे दप्तर सगळ्या वर्गासमोर जमिनीवर पालथे केले. एक भाकरी, दोन वह्या आणि पेन्सिलीचा तुकडा निघाला. पैसे दुसऱ्या दिवशी गुरुजींच्याच हजेरीपटात सापडले. कोणी काही बोलले नाही. सहल गेली, तो आला नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मला लाज वाटली. मी त्याच्या घरी गेलो. तो वीटभट्टीवरून नुकताच आला होता. मी चूक झाली म्हणालो. त्याने मला बसायला पोते टाकले, चहा केला. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, की मी आलो हे बरे केले. पण दप्तर वर्गासमोर पालथे केले होते, तेव्हा हे बोलायचे ते वर्गासमोर. आणि मी नव्हे, ज्यांनी सांगितले त्यांनी.

माझ्या सगळ्या वाचनापेक्षा त्याने प्रश्न नेमका मांडला. राष्ट्राच्या माफीचे कारण हेच आहे. शिक्का चारचौघांत मारला, सरकारी कागदावर मारला, म्हणून तो चारचौघांत आणि सरकारी कागदावरच पुसला पाहिजे. एकेकट्याने मनात वाईट वाटून घेतल्याने तो पुसत नाही. आपल्या मराठीत माफी देतातही आणि मागतातही. सरकारे आजवर माफी देत आली. उमाजींनाही एकदा दिली होती. मागण्याची सवय त्यांना अजून लागायची आहे.

गुरुजी आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्याकडे जाण्याचा धीर मला अजून झालेला नाही. पण हा अंक आपल्या महाविद्यालयात सर्वजण वाचतात. तोही एक वर्गच आहे. त्या वर्गासमोर माझ्या वाट्याची माफी मी आज मागतो.