बांबूच्या काठीने कंबर मोजणारा वैद्य

मणक्यातली गादी सरकल्याचं एमआरआयमध्ये निघालं. फिजिओथेरपी चालूच होती, पण शेजारच्या चिनी आजींचं समाधान होईना. त्या मला हाताला धरून त्यांच्या वैद्याकडे घेऊन गेल्या. इकडे सिंगापूरला असे दवाखाने जागोजागी आहेत. वैद्यांनी पालथं झोपवलं आणि जाडजूड उदबत्तीसारखी एक पेटती कांडी कंबरेपासून बोटभर अंतरावर धरली. वास कुठेतरी ओळखीचा वाटला. ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली आहे, हे नंतर कळलं. समोरच्या भिंतीवर वाघाशेजारी बसलेल्या एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. तो सुन सिमियाओ. चिनी लोक त्याला औषधांचा राजा म्हणतात. घरी येऊन त्याच्याविषयी वाचत गेले, तेच आज सांगते.

सुन सिमियाओचा जन्म साधारण 581चा मानला जातो. गाव आजच्या शिआन शहराच्या उत्तरेला, शानशी प्रांतात. लहानपणी तो सतत आजारी असे आणि त्याच्या औषधपाण्यात घरचा पैसा संपत आला. आपल्यामुळे घर रिकामं झालं ही बोच त्याला लागून राहिली आणि तो स्वतःच वैद्यकी शिकला. पुढे नाव झालं तशी राजदरबारची बोलावणी आली. ह्युएन त्सांग भारतातून परतला तेव्हा गादीवर असलेल्या सम्राट ताइझोंगनेही त्याला पद देऊ केलं, पण त्याने ते घेतलं नाही. त्याचं आयुष्य रोग्यांत आणि डोंगरातल्या वनस्पतींत गेलं. वाघाच्या घशात अडकलेलं हाड त्याने काढलं, अशी दंतकथा आहे. चित्रातला वाघ तो.

652च्या सुमारास, वयाच्या सत्तरीत, त्याने 30 खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. माणसाचा जीव हजार सुवर्णांहून मोलाचा आहे, म्हणून ग्रंथाचं नावच त्याने हजार सुवर्णमोलाची औषधं या अर्थाचं ठेवलं. त्यात बायका आणि मुलांचे आजार त्याने आधी घेतले. श्रीमंत-गरीब, आपला-परका, ओळखीचा-वैरी असा भेद वैद्याने करू नये, हेही त्यात बजावून लिहिलं.

याच ग्रंथात कंबरदुखीही आहे. तिची त्याने पाच कारणं दिली. त्यात वारा-थंडी आहे, अतिश्रमाने मूत्रपिंडाला आलेला अशक्तपणा आहे, पडल्याने झालेली दुखापत आहे आणि गार जमिनीवर झोपणंही आहे. गादी सरकून नस दाबली जाते हे कळायला जगाला 1934 साल उजाडावं लागलं. अमेरिकेत बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी ते दाखवून दिलं. सुनकडे यातलं काहीच नव्हतं. मग शेक द्यायचा कुठे, हे तो कसं ठरवत असेल?

रोग्याला सरळ उभं करायचं. बांबूची काठी जमिनीवर टेकवून बेंबीच्या उंचीवर तोडायची. तीच काठी पाठीमागे उभी धरायची आणि तिचं वरचं टोक जिथे येईल तिथे शेक द्यायचा. दवण्याच्या भाईबंदाची पानं वाळवून, कुटून कापसासारखी मऊ करत. त्याचे छोटे शंकू त्वचेवर ठेवून पेटवत. किती पेटवायचे? जितकं रोग्याचं वय, तितके. म्हणजे मापही त्याच्याच शरीराचं आणि मात्राही त्याच्याच वयाची. इतर जागा मोजायलाही तो रोग्याचीच बोटं वापरी. शिवाय नकाशातल्या बिंदूंवर अडून न बसता तो दुखऱ्या भागावर दाबून बघे. रोगी हां, इथंच, असं म्हणेल ती जागा खरी. चिनी वैद्यकात त्या जागांना आजही आ-शी म्हणतात. त्या काळी या शेकाने फोड येत आणि व्रणही राहत. आता बहुतेक ठिकाणी कांडी लांबून धरतात किंवा मध्ये आल्याची चकती ठेवतात.

परक्या मुलखात बदली होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीही त्याने एक उपाय लिहिलाय. दक्षिणेकडच्या दमट, तापाच्या प्रदेशात जायचं तर अंगावर दोन-तीन ठिकाणी असे डाग ताजे ठेवावेत, म्हणजे तिथलं विषारी वारं बाधत नाही. वाचताना मला आईने बॅगेत कोंबलेली ओव्याची पुरचुंडी, सुंठ आणि बाम आठवला. दूर जाणाऱ्या माणसाची काळजी सगळीकडे सारखीच.

पण शेक हा सर्व रोगांवर उतारा आहे, असं त्याने म्हटलेलं नाही. सुई वापरून शेक टाळणारा, शेक देऊन सुई टाळणारा, आणि दोन्ही करून औषध विसरणारा, यातला कुणीच त्याच्या मते चांगला वैद्य नव्हे. ग्रंथात त्याने भारतातले म्हणून अठरा व्यायामप्रकारही दिलेत. कंबर-गुडघ्यांच्या दुखण्यासाठी त्याने दिलेला पंधरा औषधींचा काढा चिनी वैद्य आजही देतात.

आणि त्यालाही हरावं लागलं. लू झाओलिन हा मोठा कवी हातापायांच्या दुखण्याने जर्जर होऊन त्याच्याजवळ राहिला होता. सुनला त्याचं दुखणं बरं करता आलं नाही. पुढे त्या कवीने नदीत जीव दिला.

म्हणून माझंही खरं तेच सांगते. शेकाने मला काही तास फार बरं वाटायचं, झोप लागायची. पण गादी शेकाने जागेवर बसत नाही. मला उभं केलं ते व्यायामाने आणि काही महिन्यांच्या धीराने. पाय बधिर किंवा लुळा पडू लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र शेक-बीक बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठायचं. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर भाजलेलं कळतही नाही, हेही ध्यानात ठेवा.

सुन 682 साली गेला. अंत्यविधी साधा करा, प्राण्याचा बळी नको, असं सांगून गेला. त्याच्या गावाजवळचा डोंगर आज औषधराजाचा डोंगर म्हणून ओळखला जातो. चिनी सुया आणि शेक यांची विद्या 2010 साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. मला मात्र त्याची ती काठी जास्त आठवते. परदेशात डॉक्टर स्क्रीनकडे बघत बोलतो, तेव्हा वाटतं, यानेही एकदा हात लावून विचारावं, नेमकं कुठे दुखतंय?