जमशेदजी मादन

जमशेदजी फ्रामजी मादन यांचा जन्म १८५६ साली मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांना व्यवहारात मोठी ठोकर बसल्यामुळे जमशेदजींना कोवळ्या वयातच शाळेचा निरोप घ्यावा लागला. एल्फिन्स्टन या नाटकमंडळीत सामानसुमान सांभाळण्याचे काम त्यांनी पत्करले. पुढे ते भूमिकाही करू लागले.

काही वर्षांनी कलकत्त्यास जाऊन त्यांनी व्यापारात जम बसवला. परंतु नाटकाची ओढ सुटली नाही. ज्या मंडळीत ते एके काळी पडेल ते काम करत, तीच मंडळी त्यांनी विकत घेतली!

त्या सुमारास हलत्या चित्रांचे नवल भारतात नुकतेच आले होते. १९०२ साली जमशेदजींनी कलकत्त्याच्या मैदानावर तंबू ठोकून चित्रपटाचे खेळ सुरू केले. परंतु तंबूचा भरवसा काय? पावसाच्या सरी आल्या की खेळ बंद! म्हणून १९०७ साली त्यांनी एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे कायमचे चित्रगृह उभारले.

एका चित्रगृहावर ते थांबले नाहीत. एका ठिकाणचे खेळ संपले की तीच फीत दुसऱ्या गावच्या चित्रगृहात पाठवता येई व तिचा खर्च अनेक ठिकाणी वाटला जाई. १९१९ साली त्यांनी मादन थिएटर्स ही कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी तिचा ‘बिल्वमंगळ’ हा मूकपट पडद्यावर आला.

१९२३ साली जमशेदजी निवर्तले. त्यांच्या पुत्रांनी कारभार पुढे चालवला. भारत, ब्रह्मदेश व सिलोन मिळून त्यांची शंभराहून अधिक चित्रगृहे झाली.

१९३१ साली भारतात बोलपटांचे युग सुरू झाले. मादन कंपनीनेही त्याच वर्षी ‘जमाई षष्ठी’ हा पहिला बंगाली बोलपट काढला. परंतु आता प्रत्येक चित्रगृहात ध्वनीची महागडी यंत्रे बसवणे भाग होते. जी संख्या कंपनीचे बळ होती, तीच तिच्यावरील ओझे ठरली. एकेक चित्रगृह हातचे गेले आणि त्याच दशकात कंपनीचा अस्त झाला.

वैभव ओसरले, तरी कार्य वाया गेले नाही. गावोगावी कायमची चित्रगृहे असावीत आणि तेथे सामान्य माणसालाही थोड्या पैशांत जगाचे दर्शन घडावे, ही वाट रुळवण्यात जमशेदजींचा वाटा मोठा होता. कलकत्त्यातील एका रस्त्याला दिलेले मादन हे नाव त्यांची आठवण जागी ठेवते.