आपत्काळातील माउली : सावित्रीबाई फुले

स्त्रीशिक्षणाच्या आद्य प्रवर्तक म्हणून सावित्रीबाई फुले यांचे नाव आज घरोघरी आदराने घेतले जाते. परंतु दुष्काळ व प्लेग या दोन भीषण आपत्तींत त्यांच्या हातून जी सेवा घडली, तिचे स्मरण त्या मानाने विरळाच होते. आपल्या ज्ञातिबंधु-भगिनींनी या चरित्रभागाचे मनन करावे, या हेतूने हा अल्प परिचय सादर करीत आहोत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे नेवसे पाटलांच्या घराण्यात झाला. १८४० साली त्या जोतीराव फुले यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा शिक्षिकेचे काम पत्करून त्यांनी घोर लोकनिंदा सोसली. १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. या समाजाच्या सेवाभावाची खरी कसोटी पुढे तीनच वर्षांनी लागली.

१८७६ साली दख्खनात पावसाने दगा दिला. पिके करपली, चाऱ्यावाचून गुरे दावणीला मरू लागली आणि माणसे गाव सोडून देशोधडीला लागली. १८७७ च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई जुन्नर भागातील ओतूर येथे होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या हलाखीचे वर्णन केले आहे. सावकार व सत्यशोधक कार्यकर्ते यांच्यात तेथे तंटा उपस्थित झाला आणि कार्यकर्त्यांना अटक झाली. बाईंनी न डगमगता कलेक्टरसमोर सत्य परिस्थिती मांडली व त्यांची सुटका करविली.

या काळात सत्यशोधकांनी ठिकठिकाणी अन्नछत्रे उघडली. चरित्रकार अशा ५२ केंद्रांचा उल्लेख करतात. पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम निघाला व त्याच्या साहाय्यार्थ १८७७ च्या मे महिन्यात जोतीरावांनी जनतेस जाहीर विनंती केली. या कार्यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. भुकेलेला शेतकरी एकदा गाव सोडून गेला, की पुढच्या मृगात पेरणी कोणी करावयाची? घासभर अन्न वेळेवर व जवळ मिळाले, तरच घर टिकते, आणि घर टिकले तर गाव पुन्हा उभा राहतो. एकट्या दात्याची मूठ अपुरी पडते. अनेकांच्या मुठी एकत्र आल्या व त्यांचा चोख विनियोग करणारी माणसे लाभली, म्हणजे दान फलद्रूप होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. त्यानंतरही बाईंनी समाजाची धुरा सोडली नाही. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १८९६ साली दुष्काळ पुन्हा आला व त्यापाठोपाठ प्लेगने पुण्यात प्रवेश केला. रोग्याच्या जवळ जाण्यास आप्तेष्टही धजेनात. अशा समयी त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात रुग्णालय चालविले. साठी उलटलेल्या सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणून त्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलास त्यांनी आपल्या पाठीवर घेऊन रुग्णालयात पोहोचविले, असे चरित्रकार सांगतात. या सेवेत त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

ज्या समाजाने त्यांना छळले, त्याच्या संकटकाळी त्यांनी हिशेब मांडला नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलास पाठीवर घेताना त्याची जात पाहिली नाही. आपण ज्ञातीच्या नावाने एकत्र येतो, ज्ञातिनिधीस यथाशक्ति वर्गणी देतो, हे उत्तमच होय. परंतु पूर, भूकंप वा रोगाची साथ ज्ञाती विचारून येत नाही, म्हणून आपल्या निधीचे दारही तशा समयी सर्वांस खुले असावे. संकट कोसळल्यावर वर्गणीची वही शोधीत बसण्यापेक्षा, सुबत्तेच्या दिवसांतच प्रत्येक कुटुंबाने थोडे बाजूस काढून ठेवावे. ज्यांस धन देणे शक्य नाही, त्यांनी श्रम द्यावेत. सावित्रीबाईंनी तर अखेरीस आपला देहही दिला. त्या थोर माउलीच्या पवित्र स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.